आधी जमीन टाक

स्पंदन खोब्रागडे, वय एकोणीस, राहणार इंदोरा.
माझा गुरू. फी: दर रविवारी एक प्लेट तर्री-पोहे, तर्री जास्त.
पहिल्या दिवशी मी पडद्यावर एक माणूस ठेवला
आणि तो सरळ खाली गेला.
खाली म्हणजे कुठे? खाली काही नव्हतंच.
राखाडी, आणि राखाडीच्या खाली राखाडी.
स्पंदन म्हणाला, "आधी जमीन टाक ना ताई,
मंग उभं कर कोणाले."

दिवसभर मी सीताबर्डीच्या दुकानात फ्लेक्स छापते.
वाढदिवस, निवड, भावपूर्ण श्रद्धांजली.
काही चेहरे तर तिन्हींत मीच छापलेत,
फोटो तोच, फक्त मागचा रंग बदलून.
रात्री हे उघडते.
बंदुकांच्या खेळासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर.
आधी त्यातून बंदूक काढली,
मग शत्रू, मग कोपऱ्यातला गुणांचा आकडा,
मग घड्याळ.
उरलं ते बघत बसले:
एक लांब गल्ली
आणि कुणाच्या तरी चालण्याचा आवाज.

लालगंजच्या आमच्या भिंतींचे फोटो काढले,
पिचकाऱ्या, हळदीचे हात, अर्धं खरवडलेलं निवडणूकचिन्ह.
भिंतीवर चढवायला गेले, चुकून आभाळावर चढले.
आभाळाला पोपडे आले.
स्पंदन म्हणाला, चुकलं.
मी म्हटलं, राहू दे.

भिंतीच्या आत शिरलं की भिंत दिसत नाही.
मशीनचा हिशेब साधा आहे:
जिकडून कोणी बघणार नाही
ती बाजू रंगवायचीच नाही.
मला फ्लेक्सची मागची बाजू आठवली,
पांढरी, आळ्यांपाशी फाटलेली,
नाल्याकाठच्या झोपड्यांवर
चेहरा आभाळाकडे करून अंथरलेली.
आतले लोक रोज तीच पांढरी बाजू बघत झोपतात.
दोन आठवडे घालवून
मी प्रत्येक भिंतीला पाठ दिली.

सूर्याला इथे एक आकडा असतो.
एक म्हणजे सकाळ.
मी साठ लिहिला: मे, दुपारचे दोन, कॉटन मार्केट चौक.
पडदा पांढरा झाला, गल्ली गेली, माणूस गेला.
बरोबर आहे, म्हटलं,
असंच दिसतं.

खरा मे आला तेव्हा मशीन नव्वदवर गेलं आणि बसलं.
मग कूलरसमोर स्टूल, स्टुलावर डबा, डब्याचं झाकण उघडं.
वाळ्याचा वास आतल्या पंख्यापर्यंत पोचला असेल.
गुरुत्वाकर्षणाची खूण काढली त्या रात्री
गल्लीतले सगळे ड्रम, बादल्या, कळश्या
सावकाश वर निघाल्या,
पाणी न सांडता.
मी किती वेळ काही दाबलंच नाही.

एकदा आईला बसवलं.
चष्मा पुसून तिने विचारलं, "माराचं कोणाले?"
कोणालेच नाही.
"मंग जिंकाचं कसं?"
नुसतं फिर.
ती फिरली. एका बोटाने, बाण दाबून दाबून.
पुंडलिकच्या पिठाच्या गिरणीवरून गेली,
सार्वजनिक नळापाशी जाऊन उभी राहिली,
मी तिथे नळ ठेवलाच नव्हता,
तरी बरोब्बर तिथेच, थोडी डावीकडे,
पुढे अजून दोघीतिघी असाव्यात तशी.
मग कंटाळून पुढे निघाली,
जिथे माझी जमीन संपते त्याच्याही पुढे,
आणि पडली.

गल्ली वर वर गेली, लहान झाली,
पोपड्यांचं आभाळ लहान झालं.
कोपऱ्यात उंचीचा आकडा: उणे चाळीस, उणे चारशे.
मी म्हटलं, थांब, परत वर आणते तुले.
कूलरच्या वाऱ्यात तिचा पदर उडत होता.
"राहू दे," ती म्हणाली,
"हवा लागून राह्यली."

उणे नऊ हजार.
मी उठले, कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या.
परत आले तेव्हा
ती अजून पडतच होती.